रादिसावच्या गाडीतलं पाणी

अर्जदार: रादिसाव मिलोयकोविच, वय एकाहत्तर, राहणार बेला स्तेना. व्यवसाय: वाहन तांत्रिक तपासनीस, श्रेणी एक, सेवानिवृत्त. अर्जाचे प्रयोजन: पत्नी देसांका, वय अडुसष्ट, यांना सोमवार, बुधवार व शुक्रवार या दिवशी डायलिसिससाठी जिल्ह्याच्या इस्पितळात स्वतःच्या वाहनाने नेणे व परत आणणे, सबब रुग्णवाहतुकीच्या व्हॅनमधील जागेवरचा हक्क सोडत आहे. वाहन: खासगी, चारचाकी, लाल, निर्मितीवर्ष १९८८. वाहनाची स्थिती: निर्दोष. चालकाची स्थिती: निर्दोष. नात्याचा पुरावा सोबत जोडला आहे.

हा अर्ज आरोग्य विम्याच्या खिडकीवर दाखल झाला तेव्हा आतल्या बाईंनी फक्त लग्नाचा दाखला उलटसुलट करून पाहिला. बाकीच्या मजकुराची शहानिशा कोणी केली नाही. श्रेणी एकच्या तपासनीसानं स्वतःच्या गाडीला निर्दोष म्हटल्यावर विचारायचं तरी कोणी?

गाडी ज्या कारखान्यात तयार झाली तो बंद पडला होता. ज्या देशात तयार झाली तो देशही. गाडी मात्र चालू होती, आणि रादिसावनं कारखान्याचा किंवा देशाचा कधी धरला नव्हता एवढा अभिमान तिचा धरला होता.

एकतीस वर्षं तो तपासणी केंद्राच्या खड्ड्यात उभा राहिला. वरून गाड्या यायच्या आणि तो खालून बॅटरी मारून पाहायचा. त्यामुळं तिमोकच्या खोऱ्यातली निम्मी माणसं त्याला आधी सायलेन्सरवरून आणि मग तोंडावरून ओळखू यायची. तो कडक होता, पण खडूस नव्हता. गाडी परत पाठवायची तर कारण स्वच्छ अक्षरात लिहून द्यायचा. मालकांची उत्तरं त्याला पाठ होती. "आजच सकाळी झालं बघा, साहेब." "काल तर नव्हतं." "हे असंच असतं या मॉडेलला." तो मान हलवायचा आणि लिहायचा. माणसाला आपल्या गाडीचं दुखणं सगळ्यांत शेवटी कळतं, असं त्याचं मत होतं, आणि ते त्यानं दुसऱ्यांच्या बाबतीत इतक्या वेळा सिद्ध केलं होतं की स्वतःवर तपासून पाहायची गरज त्याला वाटली नव्हती.

अडीच वर्षांपूर्वी देसांकाच्या मूत्रपिंडांनी काम थांबवलं. पहिले काही महिने ती व्हॅननं गेली. व्हॅन पाच वाजता यायची, गावोगाव माणसं वेचत दोन तासांनी इस्पितळात पोचायची, आणि परतताना शेवटच्या रुग्णाचं रक्त धुऊन होईपर्यंत सगळे थांबायचे. जानेवारीत एका थांब्यापाशी देसांका बेशुद्ध पडली. ड्रायव्हरनं तिला बाकड्यावर आडवं केलं, पाय वर धरले, ती शुद्धीवर आली, आणि मग त्यानं घड्याळ पाहिलं. त्यात त्याची चूक नव्हती. पुढच्या दोन गावांत माणसं बर्फात उभी होती. रादिसावला हे देसांकानं सांगितलं नाही, त्याच व्हॅनमधल्या दुसऱ्या एका म्हातारीनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यानं अर्ज भरला.

तेव्हापासून ते दोघं लाल गाडीनं जात. अडतीस किलोमीटर, मधे सेदलोचा घाट. पावणेसहाला निघायचं, सातला ती मशीनला. चार तास तो इस्पितळाच्या आवारात अक्रोडाच्या झाडाखाली गाडीत बसून शब्दकोडं सोडवायचा, अकरा वाजता तिला पुढच्या सीटवर बसवायचा, सीट मागे पाडायचा, आणि ती झोपेतच घरी यायची. बस्स, एवढंच. एवढ्यासाठी सगळं.

मे महिन्यात काटा हलला.

घाटाच्या तिसऱ्या वळणावर तापमानाचा काटा मधल्या खुणेवरून उठला आणि लालपट्टीच्या अलीकडं जाऊन थांबला. रादिसावनं काचेवर बोटानं टिचकी मारली.

"काटा बिघडलाय," तो म्हणाला.

"काल तर नव्हता," देसांका म्हणाली.

घरी आल्यावर गाडी थंड होऊ दिली आणि कूलंटची टाकी पाहिली. पाऊण लिटर कमी. गाडीखाली डोकावला, थेंब नाही. त्या रात्री त्यानं इंजिनाखाली जुनी वर्तमानपत्रं पसरली, म्हणजे गळत असेल तर सकाळी डाग दिसेल. हाताशी आली ती मृत्यूच्या जाहिरातींची पानं होती. सकाळी कागद कोरडा ठणठणीत. वरचा एक ओळखीचा माणूस मात्र मेलेला निघाला.

रविवारी त्यानं अंगणात बॉनेट उघडलं. बेला स्तेनात बॉनेट उघडणं म्हणजे दवंडी पिटणं. पाच मिनिटांत झार्को आला, शेजारचा, चाळीस वर्षं लांब पल्ल्याची बस हाकलेला. येताना राकियाचा, म्हणजे घरच्या फळांच्या दारूचा, स्वतःचा पेला घेऊन आला, कारण मिलोयकोविचांचे पेले लहान आहेत अशी त्याची जुनी तक्रार होती. त्याच्यामागून गल्लीतले आणखी दोघं. चौघंही इंजिनाकडं असे पाहू लागले की जसं काही ते आत्ता स्वतःहून कबुली देणार होतं.

"थर्मोस्टॅट काढून टाक," झार्को म्हणाला.

"काढलाय. शहाण्णव साली."

"मग बसव."

"तूच काढायला लावलास, शहाण्णव साली."

"तेव्हा बरोबर होतं ते. तेव्हा उन्हाळे वेगळे होते."

इकडं हे सगळ्यांनीच केलं होतं. आपल्या हवेला थर्मोस्टॅट कशाला, उगीच पाण्याच्या वाटेत अडथळा, असं एकानं म्हटलं आणि साऱ्या खोऱ्यानं उपटून फेकले. त्यामुळं पाणी आडवाटेनं इंजिनातल्या इंजिनातच फिरत राहतं आणि चढावर रेडिएटरपर्यंत पुरतं पोचतच नाही, हे रादिसावला खड्ड्यात उभं राहून सगळं कळत होतं. पण सगळ्यांच्याच गाड्यांत नसलेली वस्तू नाही म्हणून लिहायचं कुणाच्या नावावर?

त्यानं नवा थर्मोस्टॅट बसवला. रेडिएटरचं झाकण बदललं, कारण जुन्याची स्प्रिंग ढिली होती. खालचा पाइप बदलला. पंख्याचा पट्टा ताणला. पाण्याच्या पंपाखालच्या भोकात बोट घालून पाहिलं, कोरडं. हे सगळं त्यानं शिस्तीत, स्वस्तापासून महागाकडं, एकेक संशयित निकालात काढत केलं. काटा थोडा शहाण्यासारखा वागू लागला. पाणी मात्र जातच राहिलं. दर फेरीला अर्धा लिटर, पाऊण लिटर, जूनच्या शेवटी एक लिटर.

एक चाचणी राहिली होती. थंड गाडीचं झाकण उघडायचं, इंजिन चालू करायचं, आणि रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येतात का पाहायचं. आले तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतोय, म्हणजे सिलिंडरांवरचं जाड झाकण, हेड, त्याच्याखालचं गॅस्केट गेलं. दोन मिनिटांचं काम. मेपासून रादिसावला ती दोन मिनिटं मिळाली नव्हती.

घाट चढताना तो आता हीटर पूर्ण सोडायचा. हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच. इंजिनाची थोडी आग आत गाडीत ओढून घेतो. जुलैच्या उन्हात, पायांवर भट्टी. खिडकी एकच उघडायची, कारण समोरासमोरच्या दोन उघडल्या की आरपार वारा लागतो, आणि आरपार वाऱ्यानं या भागात जितकी माणसं मेली तितकी दोन्ही महायुद्धांत मेली नाहीत, अशी देसांकाची आणि यच्चयावत गावाची खात्री होती. तिला दिवसाला सातशे मिली पाणी मंजूर होतं. त्यातच कॉफी, त्यातच सूप. ती रुमालात लिंबाची फोड धरून बसायची आणि मधूनच जिभेला लावायची. मागच्या सीटवर पाच पाच लिटरचे पाण्याचे तीन कॅन डचमळत असायचे. ते गाडीचे.

"हिला बरं विचारत नाही कोणी, किती प्यायलीस म्हणून," ती एकदा म्हणाली.

जुलैच्या पहिल्या शनिवारी तो तेल पाहत होता. देसांका ओसरीवर बसून घेवडा सोलत होती. ती उठून आली आणि त्यानं उघडून ठेवलेलं तेलाचं झाकण तिनं उचललं. आतल्या बाजूला दुधाळ कॉफीच्या रंगाची साय जमली होती.

"हे काय?"

"दव," रादिसाव म्हणाला. "झाकणाखाली जमतं. तेलात मिसळतं."

"जुलैत?"

"घाटात गार असतं सकाळचं."

देसांकानं बोटावर ती साय घेतली, अंगठ्यानं चोळली आणि उजेडात धरली. गावच्या डेअरीत सव्वीस वर्षं दूध तपासणं हेच तिचं काम होतं.

"रादिसाव, माझ्यासमोर माणसं म्हणायची, गाय पावसात भिजली हो, म्हणून पाणी लागतंय. हे तेल नाही. ह्यात पाणी आहे."

"थोडंसं असतं."

"ते म्हणायचे, थोडंसं असतं." तिनं बोट त्याच्याच बाहीला पुसलं. "पाणी कुठं जातं कुठं जातं म्हणून दोन महिने गाडीखाली लोळतोयस. जिथं तुला बघायचं नाही तिथं जातंय. तिहोमिरकडं ने."

तिहोमिर गावातला एकमेव मिस्त्री. रादिसाव त्याच्याकडं जात नव्हता त्याचं एक कारण सांगण्यासारखं होतं: नोकरीत असताना त्यानं तिहोमिरची गाड्या ओढायची गाडी मागच्या दिव्यासाठी तीनदा परत पाठवली होती. दुसरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. तिहोमिर हेड उतरवणार. हेड उतरलं की गाडी चार दिवस, आठ दिवस, सुटे भाग मिळेपर्यंत अंगणात हाडं उघडी टाकून पडणार. तोवर सोमवार येणार, बुधवार येणार. म्हणजे व्हॅन. आणि एकदा व्हॅनमधली जागा घेतली की अर्ज रद्द.

"या आठवड्यात नेतो," तो म्हणाला.

"आज शनिवार आहे. कुठला आठवडा ते सांग."

त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट झाली होती. शुक्रवारी सिस्टर स्लावित्सानं देसांकाच्या रक्ताचा कागद वाचला आणि चष्मा कपाळावर ढकलला. "टोमॅटो कोणी खाल्ला?"

देसांका छताकडं बघत राहिली. जुलैत बाग टोमॅटोंनी लाल झालेली असते.

"अर्धाच," ती म्हणाली.

"अर्धा किती वेळा? पोटॅशियम साडेसहाच्या वर गेलंय, आजी. एवढ्यावर हृदय थांबतं, सांगून नाही थांबत. आता सोमवारी पूर्ण चार तास, बुधवारी पूर्ण चार तास. एक मिनिट कमी नको. काका, ऐकलंत ना? उशीर झाला तर मशीन मी पुढच्याला देणार. पुढचाही मरायलाच टेकलेला असतो."

रादिसावनं ऐकलं होतं.

रविवारी जेवणं झाल्यावर देसांका आडवी झाली, तेव्हा तो कुंपणापाशी गेला आणि झार्कोला हळूच म्हणाला, "तो तुझा मोहरीचा प्रकार. कसा करतात?"

रेडिएटरमध्ये मोहरीची पूड टाकली की ती पाण्याबरोबर फिरते, जिथं फट असेल तिथं फुगून बसते आणि गळती थांबते, हे या खोऱ्यातल्या ड्रायव्हरांचं घरगुती औषध. काहीजण अंडं फोडतात. तपासणीला येणाऱ्या गाडीच्या पाण्यात पिवळा तवंग दिसला की रादिसाव मालकाला विचारायचा, "मोहरी तर दिसतेय, सॉसेज कुठंय?" आणि सगळा खड्डा हसायचा.

"तू विचारतोयस?" झार्को म्हणाला.

"मी विचारतोय."

"मी इस्तंबूलहून चोपन्न माणसं आणली होती दोन अंडी आणि एक चमचा मोहरीवर. फक्त बलक घालायचा. पांढरं फेसाळतं."

"अंडी नकोत. मोहरी किती?"

"तुझ्या गाडीला एक चमचा. मोठा." झार्कोनं आवाज खाली आणला. "वहिनीला माहितीय?"

"नाही."

"मग दीड घाल," झार्को म्हणाला. यामागचा तर्क त्याला पुढेही कधी सांगता आला नाही.

रादिसावनं दोन घातले.

सोमवारी गाडी लोण्यासारखी गेली. काटा मधल्या खुणेवर, घरी आल्यावर टाकीत जेमतेम चहाच्या कपाएवढं पाणी कमी. रादिसाव अंगणात उभा राहून शीळ घालू लागला. देसांकानं खिडकीतून पाहिलं. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाल्यावर नवऱ्याची शीळ कशाबद्दल आहे हे विचारावं लागत नाही, आणि ती किती टिकेल हेही.

बुधवारी घाटाच्या दुसऱ्या वळणावर देसांकानं हीटरच्या जाळीवर हात ठेवला.

"आज ऊब येत नाही."

"बरंय की."

"रादिसाव. सोडलायस ना पूर्ण? मग गार का?"

त्यानं हात लावला. गार वारा. काटा पाहिला. काटा लालपट्टीत होता, आणि पट्टीच्या शेवटच्या टोकाला टेकून थरथरत होता. इंजिन उकळतंय आणि हीटर गार, म्हणजे पाणी हीटरमधून फिरतच नाही. म्हणजे हीटरच्या बारीक नळ्या बुजल्या. कशानं बुजल्या हे त्याला सांगायला तपासनीस लागला नाही. गॅस्केटची फट मोठी होती, तिला दोन चमचे मोहरीनं काही झालं नाही. नळ्या बारीक होत्या, त्या बुजल्या. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ते हे.

बॉनेटच्या फटीतून पांढरी वाफ आली. काच धुरकटली आणि सगळ्या गाडीत गोडसर, उकडलेल्या मोहरीचा वास भरला. देसांकानं नाक वर केलं, वास घेतला आणि नवऱ्याकडं पाहिलं.

"तू नाही," ती म्हणाली. "तू असलं नाही केलंस."

त्यानं तिसऱ्या वळणावरच्या झऱ्यापाशी गाडी बाजूला घेतली. दगडी भिंत, लोखंडी नळ, साखळीला टिनचा पेला, आणि ज्याच्या स्मरणार्थ बांधला त्या तरुणाचा काळवंडलेला फोटो. पाणी अखंड पडत होतं. सव्वासहा झाले होते. माथा अजून दोन किलोमीटर वर, पलीकडं अकरा किलोमीटर उतार, मग इस्पितळाचं शहर. फोनला रेंज नव्हती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पाच मिनिटांनी लाकडाचा एक ट्रक आला तोही उलट दिशेनं, आणि ड्रायव्हरनं हात हलवून हॉर्न दिला.

"किती वेळ?" देसांका म्हणाली. ती झऱ्याच्या कट्ट्यावर बसली होती. दोन दिवसांचं पाणी अंगात साठलेलं, घोटे चपलांच्या पट्ट्यांतून बाहेर आलेले, ओठ कोरडे. हात तिनं नळाखाली धरले होते. फक्त मनगटं.

"पाऊण तास. इंजिन थंड झाल्याशिवाय झाकण उघडता येत नाही."

"आणि उघडल्यावर?"

"पाणी भरायचं. मग सावकाश जायचं."

"म्हणजे पावणेआठ."

"साधारण."

"मशीन पुढच्याला देतील."

ती नळाकडं पाहत होती. तिनं छातीवर हात ठेवला नव्हता, पण ठेवायचा की नाही याचा विचार करतेय असा तिचा हात मांडीवर अर्धवट उचललेला होता, आणि रादिसावला तो दिसला.

"धडधडतंय?"

"जरा चुकतंय मधूनमधून. ओत तू."

"तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेड तडकतं, देसांका."

"आत्ता तडकलेलं नाहीये?"

एकतीस वर्षं कोणी त्याला असा प्रश्न विचारला नव्हता. त्यानं उत्तर देण्यासाठी तोंड उघडलं आणि त्याच्या लक्षात आलं की तोंडावर आलेलं वाक्य होतं, 'काल तर नव्हतं.'

त्यानं मागच्या सीटवरून कोट काढला, झाकणावर टाकला, वरून दाबून पाव फेरा फिरवलं आणि मागे उडी मारली. तरी मनगट भाजलं. वाफ आणि पिवळं पाणी माणूसभर उंच उडालं. ते खाली बसल्यावर त्यानं इंजिन चालू केलं आणि कॅनमधलं पाणी बारीक धारेनं ओतू लागला, कारण चालू इंजिनात, थोडं थोडं ओतलं तर हेड वाचायची एक शक्यता असते. रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येत होते. लहान नव्हे, भात शिजताना येतात तसे, एकामागून एक, न थांबता. मेपासून राहिलेली चाचणी पार पडली. साधारण तिसऱ्या लिटरला आतून एक आवाज आला. मोठा नव्हता. कोणी दुसऱ्या खोलीत बशी ठेवावी तसा.

"काय झालं?" देसांका म्हणाली.

"बस गाडीत."

इंजिन तीन सिलिंडरांवर खोकत, मागं पांढऱ्या धुराचा पडदा सोडत माथ्यापर्यंत चढलं. माथ्यावर रादिसावनं गाडी न्यूट्रलला टाकली आणि इंजिन बंद केलं. किल्ली एकच घर मागं, पूर्ण नाही. पूर्ण फिरवली तर स्टिअरिंग जाम होतं. मग गाडी आपल्या वजनानं उतरू लागली. आवाज नाही. फक्त टायर आणि वारा.

उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडणं हा गुन्हा आहे, आणि त्याचं कलम रादिसावला तोंडपाठ होतं. इंजिन बंद असलं की ब्रेकला तीनदा मदत मिळते; चौथ्यांदा नुसता माणसाचा पाय. पहिल्या दोन वळणांवरच तीनही मदती संपल्या. पुढची नऊ किलोमीटर तो सीटवरून अर्धा उठून दोन्ही पायांनी ब्रेक दाबत होता आणि हँडब्रेक देसांकाच्या हातात होता.

"ओढ," तो म्हणायचा.

ती ओढायची.

"सोड."

ती सोडायची. जळक्या ब्रेकचा वास आला तेव्हा तिनं आपणहून दुसरी खिडकी उघडली. आरपार वारा गाडीतून गेला.

गाडी शहरात शिरली आणि पेट्रोलपंपापाशी, इस्पितळाच्या सातशे-आठशे मीटर अलीकडं, सपाटीवर थांबली. पंपावर ब्रेडची गाडी पाव उतरवत होती. रादिसाव धावत गेला आणि पाववाल्याला म्हणाला, "बाबा, बायकोला डायलिसिसला पोचव," आणि पाववाल्यानं काही न विचारता ट्रे मागं ढकलले. देसांका पावांच्या शेजारी बसून गेली. रादिसाव चालत आला.

पस्तीस मिनिटं उशीर. सिस्टर स्लावित्सानं मशीन दिलं नव्हतं. पुढचा माणूस आला नव्हता. का आला नाही हे तिनं सांगितलं नाही. देसांकाला तिनं पूर्ण चार तास ठेवलं, रादिसावच्या मनगटावर मलम लावलं आणि म्हणाली, "मोहरीचा वास कुठून येतोय?"

गाडी तिहोमिर ओढून घेऊन गेला. त्याच्या ओढायच्या गाडीचा मागचा दिवा लागत होता. गुरुवारी सकाळी रादिसाव गेला तेव्हा हेड उतरवून बाकावर ठेवलं होतं, आणि तिहोमिर एका तारेनं हीटरच्या नळीतून पिवळा गोळा ओढून काढत होता. तो गोळा त्यानं वर्तमानपत्रावर ठेवला.

"बोल काय बोलायचंय ते," रादिसाव म्हणाला.

"मी काही म्हटलं का?" तिहोमिरनं हेड उलटं केलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधे केसाएवढी भेग होती. तिच्या एका बाजूला गॅस्केट काळं पडून कधीचंच जळालेलं.

"ही भेग जुनी की कालची?"

तिहोमिरनं हेड खिडकीकडं नेलं, अंगठा फिरवला, परत आणलं.

"सांगता नाही येत, साहेब."

"अंदाज."

"मेमध्ये आणली असतीत तर गॅस्केट होतं. एका दिवसाचं काम. सोमवारनंतर आणून बुधवारच्या आत दिली असती." त्यानं हात पुसले. "आता हेड शोधावं लागेल. भंगारात दोन गाड्या आहेत म्हणे, एक रोमानियाच्या हद्दीपाशी. महिना धरा. मिळालंच तर."

"मेमध्ये," रादिसाव म्हणाला. "एक दिवस."

"एक. संध्याकाळी चारला परत नेली असती."

मग रादिसावनं विचारलं की लेखी देशील का. तिहोमिरला वाटलं चेष्टा आहे. चेष्टा नव्हती, विम्याच्या खिडकीवर कागद लागणार होता. तिहोमिरनं पावतीच्या मागं लिहून दिलं: हेड तडकले, वाहन चालण्यायोग्य नाही. अक्षर वाईट होतं. रादिसावनं ते दोनदा वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं.

खिडकीतल्या बाईंनी या वेळी सगळा मजकूर वाचला. जुना अर्ज रद्द केला, नवा भरून घेतला. पत्नी अशक्त आहे, हृदयाचा त्रास आहे, वाटेत कोणीतरी धरायला हवं, असं रादिसावनं सांगितलं. बाईंनी नियमाची पुस्तिका पाहिली, तरतूद सापडली, आणि अर्जावर शिक्का मारला: रुग्णासोबत एका व्यक्तीस प्रवासाची अनुमती आहे.

घरी येऊन त्यानं हे सांगितलं. देसांका पलंगाच्या कडेला बसली होती.

"म्हणजे तू बसणार माझ्याशेजारी?"

"शिक्का आहे."

"पाचला तयार राहावं लागेल."

"मी साडेचारलाच उठेन."

तिनं बटाटे दोन पाण्यांत उकळून पाणी फेकलं, जसं पोटॅशियमसाठी करायला सांगितलं होतं तसं. टोमॅटोंकडं पाहिलं नाही. जेवताना त्यानं विचारलं, "मोहरीचं तू ओळखलंस लगेच."

"मला रविवारीच शंका आली. डबा रिकामा होता."

"मग बोलली का नाहीस?"

देसांकानं काटा ताटात ठेवला. "सोमवारी तू शीळ घालत होतास," ती म्हणाली.

शुक्रवारी पाच वाजता ते दोघं फाटकापाशी उभे होते. तो इस्त्रीचा शर्ट घालून, कागद हातात धरून. व्हॅन पाच-दहाला आली. ड्रायव्हरनं कागद वाचला, शिक्का पाहिला, मान डोलावली आणि बाजूचं दार सरकवलं. आत आठ सीटा होत्या. सात माणसं बसलेली होती.